धुऱ्यापल्याडचे तास

९ जुलै १९५९

सालदार गेला! ऐन डवरणीत, पिकाच्या ओळींमधलं गवत काढायच्या वेळी! सडकेच्या कामावर जातो म्हणे. कापसाची पऱ्हाटी वितभर झाली, तिच्या बराबरीनं गवत उठलं, अन् हा बाप्पा चालला फावडं खांद्यावर टाकून. मी चांगल्या दोन शिव्या हासडल्या. त्यानं शांतपणे ऐकून घेतल्या, रामराम केला अन् गेला!

आता वावर डवरणार कोण? हे तिकडं पांढरकवड्याले, तहशिलीत कारकून. यष्टीनं पंधरा दिवसांतून एकदा येतात अन् दुसऱ्या दिवशी जातात. घरात मी अन् नलू. नलूचं वय सात. गवताले काही आमच्या अडचणी समजत नाहीत.

१० जुलै

दिवसभर माणूस शोधला. सारे सडकेवर. जीव नुसता तळमळून राह्यला.

११ जुलै

डवरा मीच धरला!

पदर कमरेले खोचला, भुऱ्या-वजीर जुपले, त्यांच्या तोंडाले मुस्कं बांधलं अन् घुसली वावरात. पहिल्या ओळीले, पहिल्याच तासाले, झाडं मोडली. दुसऱ्याले कमी मोडली. मंग हात बसला. दोन तासांमधली माती अशी मऊ पलटत होती का बस! खांदे भरून आले, पण थांबावंसं वाटेना.

वाटेनं जाणाऱ्या बाया उभ्या राह्यल्या. एक म्हणाली, "अवं माय, बाईनं डवरा धरला! आता पडते का पाऊस!" मी म्हटलं, "नाही पडला तर तुह्या घरचा रांजण आणून ओतजो."

१२ जुलै, रविवार

हे आले. मोटार अड्ड्यावरच कोणीतरी बातमी पुरवली असणार, कारण घरात पाय टाकल्या टाकल्या, "लीला, लोक काय म्हणतील?"

मी म्हटलं, लोक डवरून देतात का? मंग लोकायचं नाव काढायचं नाही. यायनं चष्मा पुसला. यायच्याजवळ उत्तर नसलं का चष्मा पुसतात.

रोजनिशीत डोकावून म्हणतात, इथं तरी 'मी जाते' लिही, शुद्ध. आमच्या माहेरी साऱ्या बाया 'मी जातो'च म्हणत. अन् वाचणार कोण आहे!

१५ जुलै

पूनमसिंग आला. बंजाऱ्यायच्या तांड्यावरचा; मले याडी म्हणते, म्हणजे माय. शर्यतीच्या, पटाच्या बैलायले हाकणारा त्याच्यासारखा धुरकरी आसपास नाही. छकड्यावर बसला का बैलायले पंख फुटतात म्हणतात. तो माही जोडी पौषातल्या शंकरपटात हाकायले तयार झाला, एवढ्यावरच मी महिनाभर जमिनीच्या वर चालून राह्यली होती.

त्यानं जोडी डवऱ्याले पाह्यली अन् कपाळावर हात मारला. "याडी! हे काय करून राह्यली? पटाच्या बैलाच्या खुराले माती लागू द्यायची नसते. त्याले खाऊ घालायचं, फिरवायचं, नजर काढायची. डवऱ्याले लावला का बैल संपला!"

मले माहीत नाही का? माह्या बापाच्या घरी पटाची जोडी होती. मी परकरात असल्यापासून बैलबंड्यांच्या आडून पट पाह्यले आहेत. जोडी सुटली का माह्या छातीत असं धडधडायचं का दोन्ही हातानं छाती धरून ठेवायची. मायनं एकदा विचारलं, तुले काय पाहिजे लग्नात? मी म्हटलं, गोऱ्हे! सारे हसले. बापानं पुढं खरंच दिले. भुऱ्या अन् वजीर माह्या हातचं खाऊन मोठे झाले.

पण वावर एक अन् जोडी एक. पोट वावरावर भरते. मी पूनमसिंगले सरळ सांगितलं — सकाळी डवरण, सांजच्याले पळवणं. दोन्ही होईल. तो मान हलवत गेला.

३० जुलै

रोज सांजच्याले वावराच्या काठानं जी मोकळी पट्टी आहे तिच्यावर जोडी पळवतो. या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत, म्हणजे गवताच्या या बांधापासून त्या बांधापर्यंत. आपल्या हद्दीतच. पल्याड भासऱ्यांचं वावर — तिकडं आपला बैल गेला का झालं महाभारत!

भासरे म्हणजे यायचे मोठे भाऊ, मारोतराव. लग्न होऊन आली तशी मी त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही, ते माह्याशी नाही. रीतच तशी. काम पडलं तर जाऊबाई मधात — आमची बेबीताई. ती नसली तर भिंतीले नाहीतर बैलाले सांगायचं, अन् ज्यानं ऐकायचं त्यानं ऐकून घ्यायचं.

आज भासरे धुऱ्यावर उभं राहून आपल्या बैलाले म्हणाले, "पाह्य रे बाबा, काही घरी बाया डवरतात अन् माणसं पांढरकवड्याले खुर्चीवर बसतात!"

मी भुऱ्याले म्हटलं, "पाह्य रे, काही घरी माणसं धुऱ्यावर उभं राहून दुसऱ्याचं वावर पाहतात अन् आपल्यात गवत वाढवतात!"

बेबीताई पदर तोंडात कोंबून हसली.

२ सप्टेंबर, पोळा

काल जोडीच्या खांद्याले हळद-लोणी चोळलं, आज शिंगं रंगवली, गोंडे बांधले. तोरणाखाली माही जोडी अशी उभी होती का सारा गाव पाहत राह्यला. डवरून डवरून मांड्या भरल्या आहेत. कोण म्हणते संपली!

२४ जानेवारी १९६०, रविवार

काय लिहू.

पौषातला पट. नेरपासून, पुसदपासून जोड्या आलेल्या. हेही आले होते, कचेरीतले दोघं-तिघं मित्र घेऊन. मी बायांसोबत बंड्यांच्या आड.

झेंडी पडली अन् माही जोडी सुटली! बाप्पा! काय सुटली! दुसऱ्या दाणीवरची, बाजूच्या धावपट्टीवरची जोडी तिरपी झाली, लोकायच्या अंगावर चालली, अन् भुऱ्या-वजीर आपल्या दाणीत सुतासारखे सरळ. तासातून चालायची सवय ना! मी ओरडत होती का रडत होती ते मले माहीत नाही.

अन् मंग ते झालं. दाणीच्या मधात बंडीची जुनी वाट आडवी जाते. तिचा काठ जरा उंच, त्याच्यावर गवत. माह्या जोडीनं तो काठ पाह्यला. थांबली. अन् शहाण्यासारखी — अगदी शहाण्यासारखी! — डावीकडून वळली अन् आल्या वाटेनं परत निघाली. पूनमसिंग कासरा ओढून राह्यला, ओरडून राह्यला. ते दोघं मान खाली घालून परत.

सारं मैदान हसलं. हसू थांबेच ना. नेरचे एक शेटजी, त्यांची पांढरी जोडी पहिली आली, ते म्हणाले, "बाईच्या बैलायले घरची आठवण आली!" यायचे मित्र म्हणाले, "विठ्ठलराव, कारकुनाचीच जोडी आहे, हजेरी लावून परत गेली!"

यायचं तोंड इवलंसं झालं. मले मातीत शिरावं वाटलं.

२५ जानेवारी

हे सकाळी यष्टीच्या आधी म्हणाले. रागानं नाही, त्याचंच जास्त लागलं.

"लीला, मी कधी 'नाही' म्हणालो नाही. पण हे असं कुठवर? तू इकडं वावरात, मी तिकडं, पोरगी मधात. अजून एक साल घे. पुढच्या पौषात जोडी चालली अन् वावरही पिकलं, तर मी तोंड उघडणार नाही. नाही तर जोडी विकायची, वावर दादाले ठोक्यानं कसायले द्यायचं, अन् तुमी दोघी पांढरकवड्याले यायचं."

पांढरकवड्याले! दोन खोल्या, अंगणात नळ अन् समोर ट्रकचा रस्ता. मी तिथं काय करू? भिंती डवरू?

मी म्हटलं, बरं.

२८ जानेवारी

पूनमसिंग म्हणते बैल भ्याले. काय भ्याले! भ्यालेला बैल असा वळते का? डोळे शांत होते त्यांचे.

९ फेब्रुवारी

समजलं! समजलं! आता हसून राह्यली अन् डोळ्यातून पाणी वाहून राह्यलं.

उलंगवाडी झाली, कापसाची शेवटची वेचणी संपली, पऱ्हाट्या उपटल्या, आज पहिलं वखर लावलं. धुरा आला. मी काहीच म्हटलं नव्हतं, कासराही हलवला नव्हता. दोघं थांबले, डावीकडून वळले, परत निघाले. तस्सेच! पटावर केलं तस्सेच!

अवं, मीच तर शिकवलं! साऱ्या पावसाळ्यात रोज — धुरा आला का वळ, धुरा आला का वळ. सांजच्याले पळवलं तेही धुऱ्यापर्यंतच. त्यायनं पटावर तो गवताचा उंच काठ पाह्यला अन् म्हटलं, आला धुरा, झालं तास, वळा! त्यायची काही चूक नाही. माहीच अक्कल धुऱ्याजवळ संपली होती.

मी वखर सोडून भुऱ्याच्या गळ्याले मिठी मारली. बेबीताई पल्याडून ओरडली, "काय झालं व?" मी म्हटलं, "काही नाही, माह्या बैलायले अक्कल आहे, मलेच नव्हती!"

१ मे

शाळेत झेंडा, पेढे. महाराष्ट्र झाला. नलूनं मोठ्यानं गाणं म्हटलं. चांगलं वाटलं. माह्या डोक्यात मात्र धुरा.

२० मे

विचार करून करून एकच गोष्ट निघते. जोडीले धुरा ओलांडून पुढं तासात चालायची सवय पाहिजे. तर पल्याडही तास पाहिजे. पल्याड भासऱ्यांचं वावर. अन् त्यांची पेरणी आडवी असते, माही उभी.

म्हणजे भासऱ्यांनी आपल्या वावरात माह्या तासाच्या ओळीत पेरावं! हे कोण सांगेल त्यायले? देव?

३ जून

सांगितलं! मीच सांगितलं, पण माह्या पद्धतीनं.

आधी बेबीताईले धरलं. ती म्हणाली, "मी नाही बाई! ते म्हणतील लीलाचा डोळा आपल्या वावरावर." मंग आज भासरे धुऱ्यावर बसून तंबाखू मळत होते. मी वजीरच्या पाठीवर हात फिरवत मोठ्यानं सुरू केलं —

"वजीर, तुले माहीत आहे का, यंदा पल्याडचे तास आपल्या तासाच्या ओळीत पेरले, तर पल्याडची सारी डवरण आपण करून देऊ. फुकटात! त्यायचा गडी निंदणाले मोकळा. धुरा आहे तिथंच राहील, एक ढेकूळ हलणार नाही. आपल्याले त्यायच्या वावरातलं काही नको. आपल्याले फक्त पुढं जायचं आहे."

भासरे तंबाखू मळत राह्यले. मळत राह्यले. मले वाटलं यायचा अंगठा झिजते आज. मंग आपल्या बैलाकडं तोंड करून म्हणाले, "फुकटची डवरण कोणी देते का रे? याच्यात काही तरी डाव आहे."

मी वजीरले म्हटलं, "आहे ना डाव. पटाचा डाव आहे. पौषात आपल्याले जिंकायचं आहे."

भासरे उठले. धोतर झटकलं. "जिंका म्हणा," बैलाले सांगितलं, "पण एकही झाड मोडलं तर मी डवरा धुऱ्यावर ठेवून देईन."

आता घरी येऊन नलूले गरागरा फिरवली.

२६ जून

पेरणी. भासऱ्यांनी खरंच उभे तास काढले! धुऱ्यावर उभं राह्यलं तर इकडचा तास तिकडं सरळ जाताना दिसते. सारा गाव येऊन पाहून गेला. "मारोतरावाले भावजयीनं भुलवलं," म्हणतात. म्हणू द्या.

१४ जुलै

पहिला दिवस. धुरा आला, जोडी वळली. मी थांबवली. डवरा उचलला, पुढं गेली, वेसण धरून ओलांडवली. परत आली, परत वळली. दिवसभर हेच. आवाज बसला. पाय काट्यानं फाटले. भासरे पाहत होते अन् त्यांच्या बैलाले काही म्हणाले नाही, म्हणजे मनात खूप हसले असतील.

१७ जुलै

वळतात.

२१ जुलै

वळतात! मुकाट्यानं, शहाण्यासारखे! कधी कधी वाटते, काही नाही, पांढरकवड्याचा नळच नशिबात आहे.

२ ऑगस्ट

भुऱ्या आज स्वतःहून पुढं गेला!! वजीर वळत होता, भुऱ्यानं जू ओढलं अन् पाय धुऱ्यावर ठेवला. दोघं पल्याड! मी डवरा उचलायची विसरली, तो धुऱ्यात रुतून बसला. मी ओरडली अशी का बेबीताई काम सोडून पळत आली, तिले वाटलं सापच चावला.

९ ऑगस्ट

नलूले ताप. आज मी वाईट आहे, वाईट.

सकाळी तिचं अंग कोमट लागलं. मी म्हटलं, उन्हानं असेल. जोडी आता कुठं शिकली, एक दिवस सोडवेना. गेली वावरात. दुपारी बेबीताईचं बोलावणं आलं — पोरगी तापानं फणफणली, बरळून राह्यली. मी पळत आली तर बेबीताई तिच्या कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवत बसली होती. एक शब्द नाही बोलली मले. बोलली असती तर बरं झालं असतं.

निरोप मिळाला तसे हे सांजच्या यष्टीनं आले. "पोरगी का बैल, एकदा ठरव," म्हणाले. यायचं खरं होतं. मी भांडली नाही. नलूजवळ बसून राह्यली.

१३ ऑगस्ट

ताप उतरला. नलूनं पेज मागून खाल्ली. डॉक्टर म्हणाले, हिवताप होता, गोळ्या चालू ठेवा.

या दिवसांत वावराकडं पाह्यलंही नाही. आज वाटलं, गवत माजलं असणार. जाऊन पाह्यलं तर इकडचं-तिकडचं दोन्ही डवरलेलं! माह्याही तासातून! बेबीताई म्हणाली, "यायनं आपल्या गड्याले लावलं." भासरे दूर उभे होते. त्यायनं आपल्या बैलाले सांगितलं, "उद्यापासून जोडी लावायची तर लावा म्हणा. पण सकाळचीच. दुपारी पोरीजवळ बसायचं."

मी माह्या बैलायले सांगितलं, "हो."



२० ऑगस्ट

बंदोबस्त केला. सकाळी स्वैपाक करून डवरण, ऊन चढलं का बंद. दुपार नलूची — तिचं वाचन, वेणी, अन् बसून दोघींचं जेवण, उभं राहून नाही! सांजच्याले जोडी पळवायची, पण एक दिवस आड. ज्या दिवशी पळवणं नाही त्या दिवशी बेबीताईसोबत निंदण.

मले वाटायचं आवड अन् संसार म्हणजे एका घरात दोन सवती. एकीले दिलं का दुसरीचं गेलं. पण या घडीवर चालून पाह्यलं तर जोडीही खूश, पोरगीही खूश, अन् माह्या अंगातला ताव कमी नाही झाला, उलट वाढला. दिवसभर पळवत बसली तर मलेच कंटाळा आला असता. काम करता करता सांजची वाट पाहायची, त्याची मजा काही और!

३० ऑक्टोबर

कापूस फुटला! इकडं पांढरं, तिकडं पांढरं. मधात धुरा तेवढा हिरवा. भासऱ्यांच्या वावरात असा कापूस कधी फुटला नव्हता, असं बेबीताई साऱ्या गावाले सांगून राह्यली. माहं वावर? मी सांगत नाही, नजर लागेल. पण हे आले अन् धुऱ्यावर उभं राहून किती तरी वेळ चष्मा पुसत होते!

११ डिसेंबर

काठाच्या पट्टीवर जोडी सुसाट पळते. धुरा आला तर कान टवकारते अन् उडीच घेते! भासऱ्यांनी त्यांच्या बाजूची पट्टी साफ करून दिली. न विचारता. मी भिंतीले धन्यवाद दिले.

पूनमसिंग येऊन पाहून गेला. या वेळेस कपाळावर हात नाही मारला. नुसता "याडी!" म्हणाला.

१५ जानेवारी १९६१, रविवार

जिंकलो! जिंकलो! जिंकलो!

 क्रमानं लिहितो, नाही तर उद्या मलेच खरं वाटणार नाही.

तेच मैदान. तीच दाण, तीच आडवी वाट. जोडी आली तसे लोक हसायले लागले. "आली, घरी जाणारी जोडी आली!" कोणी म्हणते, "बाई, परतीचं तिकीट काढलं का?" माह्या अंगाची लाही झाली. हे बाजूले उभे, चेहरा पांढरा फटक.

पहिल्या फेरीत समोरची जोडी दाण सोडून पळाली. दुसऱ्या फेरीतलीले आमच्या जोडीनं मागं टाकली. दोन्ही वेळा आडवी वाट आली अन् माही जोडी वरून गेली, जशी काही तिथं काही नव्हतंच! हसू बंद झालं. तिसऱ्या फेरीले माणसं बंड्यांवर चढून उभी.

तीच शेवटची फेरी. समोर नेरच्या शेटजींची पांढरी जोडी. साल-साल मातीले पाय न लावलेली, बदाम खाणारी, अंगावर झूल. झेंडी पडली. खरं सांगतो, सुरुवातीले ती पुढं होती. चांगली बैलभर पुढं. मंग आडवी वाट आली. पांढऱ्या जोडीनं उंच काठ पाह्यला, जरा बिचकली, एकाचा पाय अडखळला, जू तिरपं झालं. अन् माही जोडी — कान टवकारले, उडी — पल्याड! पल्याड, अन् पुढं, अन् पुढं! सरळ! जसं कोणी पल्याडच्या वावरात तास आखून ठेवले होते!

कोणीतरी ओरडत होतं, "चाल लीला! चाल! चाल!" मले वाटलं हे. वळून पाह्यलं तर भासरे! पागोटं हातात, डोकं उघडं, बंडीवर उभे, अन् बैलायच्या ऐवजी माहं नाव घेऊन ओरडून राह्यले! मंग त्यायच्या लक्षात आलं. त्यायनं माह्याकडं पाह्यलं. मी त्यांच्याकडं पाह्यलं. माह्याही डोक्यावर पदर नव्हता. आम्ही दोघं तसेच हसलो.

नारळ, शेला, गुलाल. पंचायतीचे लोक म्हणाले, मालकाचं नाव काय? हे पुढं झाले. मी मनात म्हटलं, झालं, आता विठ्ठलराव लिहितील. यायनं घसा साफ केला अन् म्हणाले, "लीलाबाई. जोडी तिची आहे." अन् मंग हळूच मले, "पांढरकवड्याच्या खोल्यायचं मी 'नको' म्हणून सांगून देतो."

गुलाल नलूच्या नाकातोंडात गेला. घरी येईपर्यंत शिंकत होती अन् हसत होती. भुऱ्या-वजीरले गूळ, सरकी, ढेप, जे मागतील ते. आज पोटभर खा रे राजायनो!

१६ जानेवारी

सकाळी उठून कापूस वेचायले गेली. अंग दुखते. लय छान दुखते.

५ फेब्रुवारी, रविवार

पांढरकवड्याच्या पटात दुसरा नंबर आला. लिहायचं ते वेगळंच.

पूनमसिंग छकड्याजवळ गेलाच नाही. म्हणाला, "याडी, त्या दिवशी मी कासरा ढिला सोडलता. जोडी तुह्या चालीनं गेली. मी नुसतं वजन होतो. आज तू बस." मी यायच्याकडं पाह्यलं. यायची सारी तहशील पट पाहायले आली होती, साहेब पुढं खुर्चीवर. यायनं चष्मा काढला, खिशात ठेवला. सगळ्यांदेखत कासरा उचलून माह्या हातात दिला.

बसली मी.